ज्योत्स्नेचं वय

अकोल्याच्या दवाखान्यात केशरआत्याची हाडं तपासून झाली, आणि मशीनशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर ललितनं सोबत आलेल्या ज्योत्स्नेलाच विचारलं, "तुमचीही तपासू काय?"

"मले काय झालं?"

"काही नाही, म्हणूनच." तो हसला. "मी अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातला. बेवारस प्रेत सापडलं, की हाडं किती भरीव आहेत यावरून वय काढतो. वय समजलं तर घरचे सापडतात. त्यासाठी आपल्या वऱ्हाडातल्या माणसांची मापं जमवून राहिलो. तुमी फक्त वय सांगा."

"सत्तावीस," आत्यानंच ठोकून दिलं.

स्थळं येऊ लागल्यापासून आत्याच्या हिशेबी पोरगी सत्तावीसवरच थांबली होती. ज्योत्स्ना एकतीसची, पण ती तशीच मशीनवर जाऊन आडवी झाली.

"पाहू, हाडं काय म्हणतात," तो तिच्याकडे बघत म्हणाला. तिच्या काळजावर मृदंगाची थाप पडली.

आठवड्यानं त्याच्या घरून निरोप आला – रविवारी मुलगी पाहायला येतो. आत्यानं देवापुढं साखर ठेवली. ज्योत्स्ना काल्याच्या कीर्तनाला गेली, तर बुवा सांगत होते, "बाप्पा, बेवारस कोणीच नसते. कुठंतरी कोणीतरी दारात बसून वाट पाहतेच."

टाळांच्या गजरातही तिला ते 'सत्तावीस' ऐकू येत राहिलं. आपल्या खोट्यापायी कोणाचं माणूस घरी पोचायचं राहिलं तर?

दुसऱ्या दिवशी ती एकटीच अमरावतीच्या एसटीत बसली.

"मी एकतीसची आहे," त्याच्या दारातूनच ती म्हणाली. "तुमचा आकडा दुरुस्त करा. अन् रविवारी... नाही आले तरी मी समजून घेईन."

ललितनं खुर्ची पुढं केली. "एवढ्यासाठी आल्या? मले समजलंच नसतं."

"काहून? हाडं सांगतात ना?"

"या वयात नाही सांगत. पंचविशी-पस्तिशीत सारखीच भरलेली असतात. पुढं झिजली की मग बोलतात."

"म्हणजे मी उगीच –"

"उगीच नाही. माझ्या कामात माणसं बोलत नाहीत. मलेच ओळखावं लागते. कोणी स्वतःहून येऊन सांगितलं... हे पहिल्यांदाच."

ती वर पंख्याकडे पाहू लागली.

"आता माझंही ऐका. मी एकोणतीसचा. आत्याले चालते काय?"

"ते त्याईले विचारा."

"अन् तुमाले?"

तिनं पर्समधून काल्याच्या प्रसादाची लाह्यांची पुडी काढली, हळूच त्याच्या तळहातावर ठेवली.

"रविवारी वेळेवर या," ती म्हणाली. "आत्याले दोघायचंही वय मीच सांगून ठेवते."