उद्या परत विचारायचं

वर्षभरानंतर टॉर्मड भेटला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "ब्रश कुठाय?"

लॉखमॅडी बंदराच्या धक्क्यावर बारीक पाऊस होता. मी बोटीच्या शिडीशी बादली घेऊन उभी होते. सुलवे बेटावर जाणाऱ्या प्रत्येकाचे बूट आणि पिशव्या मी तपासते. बेटावर उंदीर नाहीत, म्हणून तिथली पाखरं निर्धास्त भिंतींच्या भोकांत अंडी घालतात. एक गाभण उंदरीण कुणाच्या सामानातून पोचली तर सगळं संपेल. बारा प्रवाशांच्या बोटीवर स्वयंपाकीण, भांडीवाली आणि उंदीर-तपासनीस एकच असते. माझा अकरावा हंगाम. पाय सुजतात याबद्दल मी आता बोलतही नाही.

या वर्षी पाखरं मोजायला दुसरा माणूस येणार असं ठरलं होतं. तो आजारी पडला आणि आला टॉर्मड.

त्याने बूट घासले. त्याच्या जॅकेटच्या बाहीत गवताच्या बिया रुतल्या होत्या. परकी बीही बेटावर जायला नको, म्हणून मी सुईने एकेक काढायला लागले.

"इतक्या जवळून मला कुणी बघत नाही," तो म्हणाला.

"बिया बघतेय. हलू नकोस."

"नाडीपण लागत असेल."

"ती यादीत नाही."

पण लागत होती… आणि जोरात चालली होती.

संध्याकाळी आमचा कप्तान लॅखी स्वयंपाकघरात बटाटा उचलायला आला. जाता जाता सांगून गेला की टॉर्मडला फॉकलंड बेटांवर दोन वर्षांची नोकरी मिळते आहे. शनिवारी कॅसलबे बंदरात उतरलो की तो होकाराचं पत्र टाकणार. मला कशाला सांगतोस, असं मी विचारलं. कांदा करपतोय, एवढंच लॅखी म्हणाला.

गेल्या वर्षी सुलवेहून परतताना मी डेकवरच्या बाकावर बसले होते. चौदा तासांनी पहिल्यांदा. शेजारी टॉर्मड होता आणि माझं डोकं आपोआप त्याच्या खांद्यावर गेलं. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "घरामागे जळणाला पीटची माती कापून रचलीय. चुलीला हिवाळाभर पुरेल… दोघांना. येशील?"

मी ऐकलं. सकाळी सांगू, असं मनात म्हटलं. जीभ उचलायचीही ताकद नव्हती. सकाळी मी बारा वाट्या लापशी वाढली तेव्हा तो पहिल्या फेरीबोटीने निघून गेलेला होता. नंतर मी त्याला तीन पत्रं लिहिली. तिन्ही किराणा मागवल्यासारखी वाटली. फाडली.

सुलवेवर जुन्या साधूंच्या दगडी कोठड्या आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोल. बाराशे वर्षांपूर्वी ते चामड्याच्या होड्यांतून आले, क्रूस कोरले, प्रार्थना केल्या आणि मेले. आता त्या भिंतींत मुठीएवढी काळी वादळपाखरं राहतात. दिवसा ती दिसत नाहीत. टॉर्मड प्रत्येक भोकाशी त्यांच्याच आवाजाची फीत वाजवतो आणि आतून घुरघुर आली की वहीत खूण करतो.

त्या बुधवारी प्रवाशांपैकी मिसेस पेट्री त्याच्या मदतीला होत्या. पर्थच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी सूपचा थर्मास घेऊन पोचले तेव्हा त्यांनी एका भोकापुढे ठळक शून्य लिहिलं होतं.

"शून्य नका लिहू, बाई," टॉर्मड म्हणाला.

"उत्तर आलं नाही."

"आत असलं तरी दर वेळी बोलतंच असं नाही. दिवसभर अंड्यावर बसून थकलेलं असतं. उद्या परत विचारायचं. परवा परत. मी एकेका भोकाला पाच-पाच दिवस विचारतो."

बाईंनी शून्य खोडलं. माझ्या हातातला थर्मास जड झाला. प्रेम वगैरे नंतर… आधी मला त्याचा राग आला.

शुक्रवारी लाटा वाढायला लागल्या. तीनला निघायचं, असं लॅखीने सांगितलं. अडीच वाजता मी कोठडीशी गेले. टॉर्मड एकटा होता, भिंतीला कान लावून.

"पाच दिवस?" मी विचारलं.

"काय?"

"भिंतीला पाच दिवस विचारतोस. मला किती दिवस विचारलंस?"

त्याने फीत बंद केली. "तू… ऐकलं होतंस?"

"शब्द न् शब्द. डोळे मिटले होते, कान उघडे होते."

"मग बोलली का नाहीस?"

"चौदा तास उभी होते रे. आणि तू पहाटे उठून पळालास. शून्य लिहून."

त्याने वही मिटून खिशात घातली. भिंतीतून काहीच आवाज आला नाही. पाखरांना आमच्याशी देणंघेणं नव्हतं.

"मला वाटलं," तो म्हणाला, "नकार देऊन मला दुखवायला नको, म्हणून झोपेचं सोंग घेतलंस."

"मी एवढी सभ्य कधीपासून झाले?"

खालून लॅखीचा भोंगा वाजला.

बोटीवर बारा जणांचा चहा होता, मग भांडी, मग कुणाच्या तरी मळमळीवर आल्याचा काढा. बाकावर टेकले तेव्हा सुलवे मागे राखाडी ठिपका झालं होतं. टॉर्मड येऊन बसला. मध्ये एक वीतभर जागा ठेवून.

"पीट गेल्या वर्षीचंच आहे," तो म्हणाला. "माझ्यापुरतं वेगळं कापून जाळलं. दोघांचं तसंच आहे. येशील?"

"हंगाम ऑक्टोबरात संपतो."

"थांबेन."

"आणि फॉकलंड?"

"उद्या पत्र टाकायचंच आहे. त्यात काय लिहू… ते तू सांग."

मी ती वीतभर जागा संपवली. डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. बाहीला अजून एक बी चिकटलेली होती. ती राहू दिली. पापण्या जड होत होत्या, पण या वेळी मी त्या धरून ठेवल्या.

"जमणार नाही असं लिही," मी म्हणाले. "म्हणावं, हिवाळ्यात घरी माणूस येतंय."

मग डोळे मिटले.