बूड फोडलेला मग

या रे पोरांनो, आणखी थोडे पुढे सरका. मागे बसलेल्याच्या कानी अर्धीच गोष्ट पडते. आज राजाची गोष्ट सांगत नाही. राजांच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ असतात, शिवाय त्यांचे पुतळेही असतात. आजची गोष्ट एका पत्र्याच्या मगाची.

"मामा, तुझ्या सगळ्या कुंड्यांना बुडाला भोक कसं काय?"

व्हर्डेलने मिरचीचं रोप लावलेला पत्र्याचा मग उचलून खालून बघितला. रॉस्को मामाची सगळी ओसरी अशाच भांड्यांनी भरली होती. कान तुटलेला जग, चिनी मातीचे वाडगे, झाकण हरवलेली किटली. प्रत्येकात एकेक रोप.

"देवाची कृपा," मामा पायरीवर बसून बूट काढत म्हणाला. "पाणी साचत नाही, मुळं कुजत नाहीत. खाडीकाठच्या उंचवट्यावर अशी ढिगाने पडलीत. रस्ता रुंद करायचाय ना, तिथला कचरा माझ्याच ट्रकमधून चाललाय. बरं दिसलं ते तुझ्या मामीसाठी उचललं."

"फुटकं तेवढं आमचं," थर्मन म्हणाला. "घराण्याची रीतच आहे ती."

थर्मन हा मामाचा मुलगा. व्हर्डेल बारा वर्षांची, तो वयाने तिच्याहून एक वर्ष मोठा आणि जिभेने दहा. व्हर्डेल आणि तिची धाकटी बहीण पर्लीन दर उन्हाळ्यात सॅव्हाना शहरातून इथे सुट्टीला यायच्या. खेकडे पकडायचे, कलिंगडं फोडायची, रात्री ओसरीवर झोपायचं. यंदा मात्र घरात सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मागच्या खोलीत डेल्फी आजी अंथरुणाला खिळली होती. ती मामाच्या आजीची धाकटी बहीण. डॉक्टरांनी हात टेकले होते.

आजीला मरणाचं भय नव्हतं. तिचा हट्ट एकच होता. "मला माझ्या बाबांच्या शेजारी ठेवा. परक्या माणसांत ठेवू नका."

पण तिचे बाबा कुठे होते? "जुन्या चर्चच्या मागे," एवढंच ती सांगे. ते चर्च ती तरुण असतानाच जळालं. जमीन लाकूड कंपनीकडे गेली, कंपनीने कुंपण घातलं, माणसं शहरांकडे पांगली. आजीचे डोळेही गेले. आता कुठलं चर्च आणि कुठलं मागे?

व्हर्डेल एकेक भांडं उलटं करून बघत होती. "थर्मन, ही भोकं पडलेली नाहीत. पाडलेली आहेत. बघ, सगळ्यांना बरोबर मधोमध."

"कुणीतरी वेडा असेल."

"एकटा वेडा एवढी भांडी फोडेल?"

थर्मनने एक वाडगा उचलून उजेडात धरला. तो म्हणाला, "चल, सायकली काढू."

खाडीकाठी पोचले तेव्हा ढग उतरले होते. सकाळच्या पावसाने चिखल झाला होता. उंचवट्याचा अर्धा भाग यंत्राने खरवडून लाल केला होता, उरलेल्या अर्ध्याला तांबड्या फडक्यांच्या काठ्या रोवल्या होत्या. सोमवारी त्याची पाळी होती.

त्या उरलेल्या अर्ध्यात भांडी होती. शिंपले होते, दिव्याच्या काचा होत्या, काटे थांबलेलं एक घड्याळ होतं. मधूनमधून टोकदार पानांची झुडपं उभी होती.

"हा कचरा नाही," व्हर्डेल हळूच म्हणाली. "कचरा असा ओळीने कोण टाकतं?"

"ताई, इथली जमीन खाली गेलीय," पर्लीन म्हणाली. ती एका खळग्याच्या काठावर उभी होती. खळग्यात पावसाचं पाणी साचलं होतं. त्याच्या पलीकडे तसाच दुसरा, मग तिसरा. सगळे लांबट, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. पर्लीन त्या पाण्याकडे बघत राहिली आणि तिने बहिणीचा हात घट्ट धरला. "ताई, हे माणसाएवढे लांब आहेत."

थर्मनने डोक्यावरची टोपी काढली. परतताना वाटेभर ती त्याने पुन्हा घातली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मामाच्या ट्रकच्या मागे बसून सगळे चर्चला निघाले. गावाच्या चौकातून जाताना कचेरीसमोरचा दगडी घोडा लागला. त्यावर दगडी सेनापती.

"हा कोण?" पर्लीनने विचारलं.

"गुलामी टिकावी म्हणून लढला तो," थर्मन म्हणाला. "हरला."

"हरला तरी पुतळा?"

"हरून घोडा मिळाला. जिंकलेल्यांना काय मिळालं ते अजून शोधतोय मी."

"तोंड बंद ठेव. चौकात आहोत, गोरे ऐकतील," मामा पुढून म्हणाला.

त्या दिवशी गॅडसन पाद्रीबाबांनी फारोची, म्हणजे गुलामांकडून विटा थापून घेणाऱ्या जुन्या राजाची, कथा लावली. त्यांचं निरूपण ज्याने ऐकलं त्यालाच ते कळेल. सुरुवात साध्या बोलण्याने, शेजारी बसून बोलावं तशी. मग शब्दाला ठेका येई, ठेक्याला सूर. म्हातारी माणसं खालून हुंकार भरत, आणि बघता बघता बोलणं संपून गाणं कधी झालं ते कुणाला कळत नसे. "फारोचं नाव दगडावर आहे," बाबा गात होते, "पण विटा कुणी थापल्या? त्यांची नावं कुणाच्या हाती आहेत?" आणि सगळं चर्च उत्तर देत होतं, "त्याच्या हाती, प्रभूच्या हाती." व्हर्डेलच्या अंगावर काटा आला. तिला ते पाण्याने भरलेले खळगे दिसत होते.

घरी येताच तिने मगातलं मिरचीचं रोप काढून बाजूला लावलं, मग धुतला आणि डेल्फी आजीच्या खोलीत गेली.

"आजी, लोक भांड्याचं बूड कशाला फोडतात गं?"

आजीचा चेहरा भिंतीकडे होता. "कशाला म्हणजे? माणूस गेला की त्याने शेवटचं हाताळलेलं भांडं त्याच्यावर ठेवायचं. आणि फोडायचं. साखळी तुटावी म्हणून. नाहीतर त्याच्या मागोमाग घरातलं दुसरं माणूस जातं. तुझ्या आईने शिकवलं नाही?"

"आम्ही शहरात वाढलो, आजी."

व्हर्डेलने मग तिच्या हातात दिला. आजीची बोटं काठावरून फिरली, बुडाच्या भोकात गेली, मग कानाखाली येऊन थांबली. तिथे खिळ्याने ओरखडलेली चांदणी होती. बोटं ती चांदणी पुन्हा पुन्हा चाचपत राहिली.

"ही चांदणी मी काढली," अखेर ती म्हणाली. "बाबांना आवडायची म्हणून. हा त्यांचा लष्करातला मग. आयसम नाव त्यांचं. मळ्यावरून पळाले, होडीत मासळीखाली लपून. गुलामी मोडायला लढणाऱ्या उत्तरेच्या फौजेत गेले. परत आले ते निळा कोट घालून, खांद्यावर बंदूक. ज्या ओट्यावर त्यांना फटके मारले होते त्याच ओट्यावर उभं राहून ओरडले, 'उठा, तुम्ही मोकळे झालात.' माझी आई तेव्हा भाकरी थापत होती. ती म्हणायची, मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय." आजीने मग छातीशी धरला. "ते गेले तेव्हा आईने मला सांगितलं, फोड याचं बूड. मी फोडेना. यातूनच ते मला पाणी पाजायचे ना. शेवटी मीच फोडलं. कुठे मिळाला तुला हा?"

दारात रॉस्को मामा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो तसाच खाली बसला आणि त्याने तोंड ओंजळीत झाकलं.

"मीच उचलला," तो म्हणाला. "मला वाटलं, कचरा आहे. मी आपल्याच माणसांवरून ट्रक फिरवला, आजी."

"कुठून उचललास, मामा? कुठल्या जागेवरून?" व्हर्डेलने विचारलं.

"आठवत नाही गं. मोठ्या झाडाच्या बुंध्यापाशी कुठेतरी. तिथे चार-पाच भांडी होती, सगळी एकदम ट्रकमध्ये टाकली."

आजी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "उरलंय का काही?"

"अर्धं उरलंय," थर्मन म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत."

सोमवारी यंत्र येण्याआधीच तिघं उंचवट्यावर बसली होती. पाद्रीबाबांना रात्रीच निरोप गेला होता आणि काय सांगायचं ते त्यांनी कळवलं होतं, पण माणसं गोळा करून यायला त्यांना वेळ लागणार होता. कंत्राटदाराचा माणूस, मिस्टर टॅलमन, गाडीतून उतरला. मागून मामाचा ट्रक आला.

"रॉस्को, ही पोरं तुझी? हटव त्यांना."

"साहेब, इथे कबरी आहेत," व्हर्डेल उभी राहिली. "कबरी असल्या तर न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय खणता येत नाही. पाद्रीबाबांनी सांगितलंय."

"एक दगड दाखव. एक नाव दाखव. हा कचऱ्याचा ढीग आहे, मुली. फुटकी भांडी आहेत."

"कचराच असेल तर सगळ्या तऱ्हेचा असेल ना, साहेब?" थर्मन अगदी नम्रपणे म्हणाला. तो इतका नम्र झाला की मामाला धडकीच भरली. "आमच्या घरच्या उकिरड्यावर काठ फुटलेलं असतं, दांडा मोडलेला असतो, धडधाकट बाटल्याही असतात. तुम्ही इथे बूड शाबूत असलेलं एक भांडं शोधा. सापडलं तर आम्ही निघालो."

टॅलमन हसला. यंत्रावरचे दोघेही हसले. त्याने बुटाने एक वाडगा उलटवला. बुडाला भोक. एक जग. भोक. तो पुढे गेला, वाकला, हाताने उचलून बघू लागला. किटली, बशी, औषधाची बाटली. हसू हळूहळू मावळलं. मग एका झुडपाखालून त्याने अख्खी बाटली उचलली आणि वर धरली.

"ही काय?"

व्हर्डेलने थर्मनकडे बघितलं. पण पर्लीन पुढे झाली.

"ती तुमच्या यंत्रवाल्या काकांची आहे, साहेब. नव्या सोड्याची. अजून मुंग्या आहेत तिच्यात."

यंत्रावरचा एक जण खाली बघू लागला.

टॅलमनने बाटली टाकली आणि आणखी शोधलं. ओळीच्या शेवटापर्यंत गेला, परत आला. खळग्यांतल्या पाण्यात आता सूर्य उतरला होता, आणि ते सगळे एका दिशेने पसरलेले त्यालाही दिसले.

"पाय उगवतीकडे," व्हर्डेल म्हणाली. "शेवटच्या दिवशी उठतील तेव्हा तोंड सकाळकडे असावं म्हणून."

ट्रकचं इंजिन बंद झालं. रॉस्को मामा उतरला. त्याने किल्ली खिशात टाकली आणि पोरांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"साहेब, इथून मी आता एकही खेप नेणार नाही."

"काम जाईल तुझं."

"जाईल, साहेब."

टॅलमनने बुटाने उलटवलेला वाडगा पुन्हा होता तसा ठेवला. मग यंत्रवाल्यांना म्हणाला, "बंद करा. न्यायाधीशाला विचारल्याशिवाय नको." पाद्रीबाबा माणसं घेऊन पोचले तेव्हा यंत्र थंड पडलं होतं.

रस्ता पुढे वळवला गेला. मामाचं काम गेलं ते गेलंच. खरवडलेल्या अर्ध्यात कोण कोण होतं ते कुणालाच सांगता आलं नाही.

डेल्फी आजी सुट्टी संपण्याआधी गेली. ती जाण्यापूर्वी मामाने तिची क्षमा मागितली. "बाबांची नेमकी जागा सापडत नाही, आजी."

"त्या बुंध्याजवळ कुठेही ठेवा मला," ती म्हणाली. "युद्धातून ते घरी आले ते वाट शोधतच आले. मलाही शोधतील."

तिला उंचवट्यावर ठेवलं त्या दिवशी पाद्रीबाबांचं निरूपण पुन्हा गाण्यापर्यंत पोचलं. गाता गाता त्यांनी तीन नावं घेतली. व्हर्डेल, थर्मन, पर्लीन. "मोठे झोपले होते, लेकरं जागी होती," असं ते गायले, आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी हुंकार भरला. थर्मन एरवी त्यावर काहीतरी बोलला असता, आज तोही हुंकारात सामील झाला.

मग मामीने आजीचा चहाचा पेला व्हर्डेलच्या हाती दिला. आजी शेवटचं पाणी त्यातूनच प्यायली होती. व्हर्डेलने तो उलटा धरला. तिलाही तो फोडवेना. मग तिने दगड उचलला.

तो पेला अजून तिथेच आहे, आजीसोबत परत नेऊन ठेवलेल्या चांदणीच्या मगाशेजारी. आता उठा, दिवा मालवायचाय. फक्त झोपण्याआधी एक करा. चौकातल्या घोड्यावरच्याचं नाव दगडच सांभाळतोय, त्याची काळजी नको. तुम्ही आयसमची आठवण ठेवा, म्हणजे जो मासळीखाली लपून गेला आणि निळा कोट घालून परत आला, त्याची.