दुखानच्या डोंगरातली खाण

१९७९ सालचा मार्च. पुण्याचा शैलेंद्र बहरीनला एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर होता. गड चढायची जुनी सवय, म्हणून एका शुक्रवारी जेवण उरकून तो दुखानच्या डोंगरात निघाला. सोबतीला मालवणकडचा रावजी सुतार. दोघंही शहरातल्या गुदैबिया वस्तीत एकाच खोलीत राहायचे.

डोंगराच्या पाठीमागे कुणी एके काळी सोन्यासाठी खणलेले खड्डे होते म्हणे. गाडीतून सोडताना नजीब ड्रायव्हर हसून म्हणाला होता, "उधर सोना मफी, साब. कुछ नहीं."

वाट उंचीला बेताची, पण वाईट. पायाखाली चुनखडी भुगा होऊन घसरायची, आणि एका बाजूला सरळ कडा. वर धुळीने सूर्य पिवळट झालेला.

"सायबानू, ह्या वाटेन शेरडा पण जावची नायत," रावजी धापा टाकत म्हणाला. त्याने पुढचं पाऊल टाकलं आणि तो दिसेनासा झाला.

शैलेंद्र पालथा पडून पुढे सरकला. जमिनीत माणूस जाईल एवढं तोंड उघडलं होतं. आतून गार, ओल्या राखेसारखा वास येत होता.

"रावजी!"

बऱ्याच वेळाने खालून कण्हणं ऐकू आलं. शैलेंद्रने कामाची नायलॉनची दोरी दगडाला बांधून आत सोडली. चाळीस फूट गेली तेव्हा कुठे खालून ओढ लागली. तळहात सोलवटेपर्यंत त्याने ओढली.

रावजी वर आला. नखशिखान्त पांढरा, कुठे खरचटलंही नव्हतं.

"लागलं का?"

"नाही. चला," म्हणून तो पुढे चालू लागला.

शैलेंद्र दोरी गुंडाळत होता, तेवढ्यात खड्ड्यातून हाक आली. अगदी थकलेली.

"सायबानू… मी हय आसंय… माका वर काढा…"

शैलेंद्र गुंडाळायचा थांबला. त्याने मान वर केली. वीस पावलांवर रावजी पाठमोरा उभा होता.

"ऐकू नका," तो न वळता म्हणाला. "अंधार पडेल. चला."

"सायबानू… दोरी…"

शैलेंद्रने एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा त्या पाठीकडे. मग दोरी खांद्यावर टाकून तो पाठीमागून चालू लागला. हाक कड्यापर्यंत ऐकू येत होती. मग थांबली.

तीन रात्री त्याला झोप लागली नाही. चौथ्या दिवशी ऑफिसातून रजा काढून तो नजीबला घेऊन गेला. दगडावर दोरीचा घासलेला वळ होता, म्हणजे जागा तीच. खड्डा मात्र कमरेएवढा. तळाला अखंड कातळ. शैलेंद्र आत उतरला, गुडघ्यांवर बसून त्याने कातळावर मुठी आपटल्या, रावजीच्या नावाने हाका मारल्या. नजीब त्याला दंडाला धरून वर घेऊन आला.

रावजी कामावर जात होता, जेवत होता. बोलायचा कमी, आणि बोलायचा ते शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. आपल्या गावची बोली त्याच्या तोंडून पुन्हा कधी आली नाही.

महिन्याभराने त्याच्या बायकोचं पत्र आलं. रावजीने ते उलटसुलट केलं आणि शैलेंद्रपुढे धरलं.

"वाचून दाखवता?"

शैलेंद्रने वाचलं. धाकटी चालायला लागली होती. कौलं बदलायची होती. खाली सही, 'तुमची गोदा'.

रावजी लक्षपूर्वक ऐकत होता. पत्र संपल्यावर थोडं पुढे वाकून त्याने हळूच विचारलं,

"ही कुठे राहते?"