चौकातला चटका देणारा खांब

"तो टोपीवाला नक्की दाताच्या डॉक्टरकडे चाललाय!" ढब्बू म्हणाला.

"कशावरून रे?" शेंगदाण्याने विचारलं.

"गाल हातात धरलाय आणि पाऊल काही पुढे पडत नाहीये!"

शेंगदाणा खो खो हसला. सुट्टीत मावशीच्या शिलाईच्या दुकानात आलेली तिघं भावंडं माडीवरच्या खिडकीतून चौकातली माणसं न्याहाळत होती. ही त्यांची घरची टोपणनावं: सुई सगळ्यांत मोठी, शेंगदाणा तिचा धाकटा भाऊ आणि ढब्बू मामेभाऊ.

सुईचं लक्ष मात्र बसथांब्याजवळच्या दिव्याच्या खांबाकडे होतं. मघाशी एका बाईंनी त्याला हात टेकला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. मग पेपरवाला दचकला, हात झटकत निघून गेला. आता एक कुत्रं खांब हुंगायला गेलं आणि केकाटत पळालं.

"अरे, खांबात करंट उतरलाय!" सुई ओरडली.

तिघं धडाधडा जिना उतरली. कोपऱ्यावर वीज मंडळाच्या गाडीत वायरमनकाका डबा खात बसले होते.

"बघतो रे जेवण झाल्यावर. जा, खेळा!" त्यांनी मानही वर केली नाही.

"तोवर बस येईल! तिथे झुंबड उडेल!" ढब्बू कळवळून म्हणाला. काका लोणचं शोधत होते.

सुई दुकानात धावली. "मावशी, लाल अस्तर नेते गं!"

"अगं, नवंकोरं आहे ते!"

पण सुई केव्हाच पसार झाली होती. थांब्याचं लाकडी बाक आणि दोन झाडं यांना गुंडाळून त्यांनी खांबाभोवती लांबून कापडाचं कुंपण केलं. तेवढ्यात बस आलीच!

"बाजूला हो, पोरी!" एक कोटवाले गृहस्थ बस पकडायला कापड उचलून आत शिरू लागले.

सुई हात पसरून आडवी उभी राहिली. "आधी वायरमनकाकांना खांबाला हात लावू द्या, मग तुम्ही जा!"

सगळ्यांच्या माना वायरमनकाकांच्या गाडीकडे वळल्या. चौकातले हवालदारही आले. "काय हो, लावता का हात?"

काका तोंडातला घास चघळतच आले. हात पुढे केला, थबकले, आणि खिशातून टेस्टर काढला. खांबाला टेकवताच तो लख्खकन पेटला!

"मागे व्हा! सगळे मागे व्हा!" काका किंचाळले आणि वीज तोडायला पळाले.

कोटवाल्यांची बस निघून गेली होती. ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "गेली तर गेली. मी वाचलो, पोरी!"

"मी दिवसभर इथेच उभा असतो," हवालदार ओशाळून म्हणाले, "पण माझी नजर गाड्यांवर. शाब्बास रे पोरांनो!"

मावशीने धुळीने माखलेलं अस्तर उचललं, तिघांकडे पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाली, "धुवून द्या मला हे. आणि साबण जपून वापरा!"