दुपारचे वाचक

कुडाळला आम्हा ग्रंथपालांचा मेळावा होता, बाजारामागच्या लग्नाच्या हॉलमध्ये. आदल्या दिवशीच्या लग्नातले सुरंगीच्या फुलांचे वळेसर अजून खुर्च्यांना लटकत होते. त्या गोड वासाने अकरालाच डोळे जड होत होते.

लहान वाचनालयं बंद करू नयेत, असं निवेदन सरकारकडे जायचं होतं. आमच्या संघाची रीत अशी, की ग्रंथपालाने स्वतःच्या वाचनालयाबद्दल बोलायचं नाही. आपला एक वाचक आणायचा आणि त्याने बोलायचं. ज्याचा वाचक उभा राहणार नाही, त्याचं नाव निवेदनात जाणार नाही. म्हणजे दाराला कायमचं कुलूप, पुस्तकं तालुक्याला.

माझं वाचनालय कुणकेश्वरच्या अलीकडच्या गावात आहे. चव्वेचाळीस वर्षं मी ते उघडते आहे. नवं मासिक आलं की बायका मासळीच्या टोपल्या पायरीवर ठेवून थांबायच्या, पानं ओली होऊ नयेत म्हणून पदराला हात पुसायच्या. गेल्या पावसाळ्यापासून मात्र नोंदवहीत एकही सही नव्हती. मी एकटीच आले होते.

"सुभद्रे, तुझो वाचक खंय?" शिरोड्याच्या वाचनालयाचे दाजी म्हणाले. "कपाटाकच उभां करतलस काय?"

"तुमचो तरी वाचता काय दाजी, की चायेक इलो?"

ते हसले, मग माझा चेहरा बघून त्यांनी बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

संघाची नवी चिटणीस प्राजक्ता एकेक नाव पुकारत होती. माझ्या गावाचं नाव आलं. मी उठले. वाचक नाही, एवढंच सांगायचं होतं.

"मी आसय," मागून आवाज आला.

शेवटच्या रांगेत एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा सदरा. माझ्या वाचकांचे चेहरे मी विसरत नाही. हा त्यातला नव्हता.

"समुद्राकडची खिडकी लागना नाय," तो सावकाश म्हणाला, "तिका आमी दगड लावतो. पाचव्या कपाटातली पुस्तकां दमटान फुगली, ती पान पान सोडवून वाचतो."

त्या खिडकीत मला रोज दगड दिसे. तो मीच ठेवला असेन असं मी समजत आले होते.

"कधी जाता वाचायला?" प्राजक्ताने विचारलं.

"दुपारी. बाई बारा वाजता कुलूप घालून घराक जातत, चार वाजता येतत. त्या मधल्या वेळात."

"किती जण असता?"

"बाकडी पुरनत नाय."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. प्राजक्ताने लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, दुपारी वाचकांना किल्ली देऊन जाता, हे कळवायचं नाही का? खरं ना?"

कुलपाची किल्ली एकच आहे. ती माझ्या कमरेला असते.

मी मान डोलावली.

जेवणाच्या पंगतीत तो दिसला नाही. "बरो बोललो तुझो वाचक," दाजी सोलकढी ओतून घेत म्हणाले. "कोणाचो तो?"

"गावातलोच," मी म्हटलं.

निवेदनात आमचं नाव आलं. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून रडले, आनंदानेच बहुधा.

सोमवारी बारा वाजता नेहमीप्रमाणे कुलूप लावलं. घरी जेवले, पडले, पण झोप लागेना. दोनच्या सुमाराला उठून पुन्हा वाचनालयाकडे गेले. वाटेवर कोणी नव्हतं. समुद्र दूर सरकला होता आणि वाळू इतकी पांढरी, की माझी सावलीही फिकट वाटत होती.

कुलूप जसंच्या तसं होतं.

मी दाराला कान लावला.

आत पंखा फिरत होता. पानं उलटत होती, एक नाही, पुष्कळ. कोणीतरी खाकरलं. बाकडं सरकलं.

मला भीती वाटली नाही. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून उलट बरं वाटलं. मी किल्ली कुलपात घातली.

पानांचा आवाज थांबला.

आतून एक बाई हळूच म्हणाली, "वाचा रे तुमी. भायर कोणतरी इलाहा, मी बघतंय."

आवाज माझा होता.