काल्याच्या दिवशीची अक्षत

पहिल्यांदा भेटलो तेव्हा बारकूची मोटार सावळघाटात रुसून उभी होती, आणि आम्ही उतारूच खाली उतरून तिला ढकलत होतो. धुराचा भपका नेमका माझ्या तोंडावर आला.

"बाई, काजळ डोळ्यांत घालतात... गालाला नाही," तो म्हणाला.

"आणि मोटारीत बसतात... तिला ढकलत नाहीत!"

तो हसला. श्रावणातली भुरभुर त्याच्या पापण्यांवर थांबली होती. मी बघायला नको होतं. बघितलं.

माझे बाबा गेणूबुवा, कीर्तनकार. त्यांनी टाळ हाती घेतले की पंचवटीत बसायला जागा उरत नसे. त्या दिवसापासून कुठल्याही गावी कीर्तन असलं की बारकूच आम्हाला न्यायचा, आणि मागे खांबाला टेकून शेवटच्या आरतीपर्यंत ऐकायचा.

पुढचा श्रावण आला तो सदतीस सालचा. बाबांची छाती तोवर पोखरली होती. वैद्यांनी बजावलं—चढ चालायचा नाही, कीर्तन तर नाहीच. पण घाटावरच्या त्यांच्या जन्मगावी सप्ताहाची सांगता बाबांच्याच काल्याच्या कीर्तनाने व्हायची.

"चंद्रभागे, एवढा काला होऊ दे गं," ते मला म्हणाले. "मग देव नेईल तिकडं जातो."

बारकूची मोटार भरलेली असली की घाट चढत नसे. उतारूंना चालावं लागे. म्हणून एका दुपारी तो आमच्या अंगणात आला. हातात फडक्यात गुंडाळलेला कार्बोरेटर.

"मुंबईहून आणलाय. जुन्यापेक्षा मोठा. इंजिनात पेट्रोल न् वारा जास्त गेला की दम वाढतो. जुना सोडायचा, हा आवळायचा, झालं. बुवांचा पाय घाटात जमिनीला लागू देणार नाही."

बोल्ट ठेवायला मी ताम्हन पुढे केलं.

"देवाचं आहे," मी दटावलं.

"मग एकही हरवायचा नाही."

पाना देताना बोटं लागली. त्याने हात मागे घेतला. "काळं लागेल..."

"ते मागच्याच वर्षी लागलंय," मी म्हणाले. माझीच मान खाली गेली.

कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी उघडी करून तो पुसत होता, तेवढ्यात बाबा पूजेचं ताट घेऊन आले. "नवं काम कोरं कसं बसवायचं रे?" त्यांनी कुंकू लावलं, उघड्या वाटीवरच अक्षता वाहिल्या. बारकूने हात जोडले. मग सगळं फडक्याने टिपून वाटी बंद केली.

काल्याच्या दिवशी मोटार घाटाच्या पायथ्यापर्यंत सुसाट आली. "बुवा, घोडा झालाय घोडा!" बारकू म्हणाला. आणि उभ्या चढावर मोटार खोकली... थांबली.

पाऊस लागला. बारकू इंजिन उघडून बसला, मी त्याच्यावर छत्री धरली. वेळ जात होता. बाबा दगडाला टेकून उभे राहिले, हातात टाळ.

"बाबा, नको ना..."

"गावाचा काला गावात, माझा इथं." वाटेने जाणाऱ्या चार बाया गवताचे भारे टाकून समोर बसल्या. बाबांचा आवाज फाटत होता, तरी गात होते. कृष्ण सवंगड्यांना घास भरवतो ते सांगताना त्यांनी रिकामा हात त्या बायांपुढे केला... आणि धाप लागून खाली बसले.

इकडे बारकूने वाटी तळहातावर उपडी केली. तांदळाचा एक दाणा. कुंकवाने माखलेला. चढावर मोटार कलली तशी तो घरंगळून पेट्रोलच्या भोकावर बसला होता. आम्ही दोघांनी तो पाहिला. बारकूने मूठ मिटली.

"काय सापडलं रे?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बुवा. बोल्ट ढिला राहिला. माझीच चूक."

"गाढवा... देवाच्या कामात ढिलाई?" बाबा कसंनुसं हसले. "चल आता."

मग मोटार अशी चढली की कुणाला उतरावं लागलं नाही. बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खिंडीतून देवळाची पताका दिसली. "चढली गं..." ते म्हणाले. पुढचा श्वास आला नाही.

"ह्याच्या हलगर्जीनं बुवा गेले!" गाव बारकूच्या तोंडावर बोललं. मी बोलायला तोंड उघडलं. त्याने मानेनेच 'नको' म्हटलं.

तेराव्यानंतर तो आमच्या दारात आला, उंबऱ्याबाहेरच थांबला.

"माझ्या मोटारीत आता कुणी बसत नाही. मुंबईला निघालोय... सांगायला आलो."

"ती अक्षत कुठंय?"

त्याने रुमालाची गाठ सोडली.

"टाकली का नाहीत?"

"बुवांच्या हातची होती."

"मी सांगते सगळ्यांना."

"नको. बुवांच्या हाताला यश होतं, असं गाव मानतं. तसंच राहू द्या." त्याने रुमाल माझ्यापुढे धरला. "माझं काय... मी खांबाला टेकून ऐकणारा."

बाहेर भुरभुर लागली होती. मी तो दाणा चिमटीत घेतला, आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"हे काय..."

"आपल्या लग्नाला बाबा नसतील," मी म्हणाले. "पण पहिली अक्षत त्यांचीच."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण ते पुसायलाही तो हलेना... दाणा खाली पडेल म्हणून.