वरच्या खोलीची मापं

दारावर थाप पडली तेव्हा संघप्रियाचे दोन्ही हात भडंगाच्या मसाल्यानं माखले होते, म्हणून तिनं कडी कोपरानं काढली. बाहेर एक उंच, सावळा माणूस उभा होता. काखेत कागदाची गुंडाळी, हातात हेल्मेट.

"आबा आहेत?"

"आहेत. आपण?"

"मी प्रसेनजीत. इंजिनिअर. वरच्या खोलीची परवानगी काढायची आहे ना, त्यासाठी..." तो अडखळला. "तुमच्या गालाला हळद लागलीय."

"भडंग करतेय. खाणार?"

तो इतक्या पटकन हो म्हणाला, की त्याचं त्यालाच हसू आलं.

जानेवारीतला रविवार होता. राजारामपुरीतल्या त्या गल्लीत ऊन अजून कोवळं होतं आणि संघप्रिया दोन दिवसांसाठी पुण्याहून आली होती. आई तिच्या लहानपणीच गेलेली. घरात आबा आणि ती, एवढेच. आबांनी चाळीस वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्न केले. पोलादाचा जो भाग ओतायचा, त्याचं हुबेहूब लाकडी रूप आधी घडवायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे प्रसेनजीतनं खिशातून टेप काढताच आबांच्या भुवया वर गेल्या.

"पावणं, ते खिशात ठेवा. घराची मापं मी सोता घेतल्यात. ही बघा."

त्यांनी आलेखाचा कागद पुढे केला. टोकदार पेन्सिल, सरळ रेघा, एकही खाडाखोड नाही.

"पण आबा, एकदा जागेवर मोजलं असतं तर..."

"केसाएवढा फरक निघाला तर मिशी काढतो! भडंग खावा. पोरगी चांगलं करती. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहती, पुस्तकं ठेवाय जागा न्हाय. वर एक खोली काढली की येईल हिकडं."

हे सगळं ती समोर असताना, पण पाहुण्याला. त्या घरात माया अशीच तिसऱ्या माणसाला सांगायची पद्धत होती. संघप्रियानं मान खाली घालून कांदा चिरला. मान वर केली तेव्हा प्रसेनजीत तिच्याकडे पाहत होता. त्यानं घाईघाईनं कागदाकडे नजर वळवली, आणि टेप पुन्हा खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा उठलेच नाहीत.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना सुरू असताना, पांढरा शर्ट घातलेला प्रसेनजीत सगळ्यांच्या मागे उभा असलेला तिला दिसला. जाताना ओसरीतल्या चपला त्यानं नीट रांगेत लावल्या आणि निघून गेला.

महिन्याभरानं त्यानं फोन केला. "फाईल बंद करायची असेल तर तसं सांगा. मी समजू शकतो."

"बंद कशाला?" संघप्रिया म्हणाली. "मी आहे की."

मग वारस नोंद आली, प्रॉपर्टी कार्ड आलं, खालच्या भिंती वरची खोली पेलतील असा दाखला आला. दर शुक्रवारी ती पुण्याहून यायची आणि दोघं महापालिकेत या टेबलावरून त्या टेबलावर जायचे. बाकावर बसून वाट पाहताना ती पुस्तक उघडायची.

"काय वाचताय?" तो विचारायचा.

"तुम्ही अर्ध्या तासापूर्वी विचारलंत तेच."

"एवढ्या वेळात पान उलटलेलं दिसलं नाही, म्हणून विचारलं."

ती पान उलटायची. न वाचताच.

शेजारच्या झुंबरबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. "संघे," त्या कुंपणावरून ओरडल्या, "एका खोलीसाठी एवढ्या खेपा? ह्येच्या निम्म्या वेळात धरण झालं असतं की गं!"

"काकू, कागदपत्रं असतात."

"व्हय, दिसत्यात मला कागदपत्रं. आज केस इंचरून आल्यात."

मे महिन्यात कोल्हापुरातल्याच एका कॉलेजनं तिला इतिहास शिकवायला बोलावलं. एकतीस तारखेच्या आत उत्तर हवं होतं. संघप्रियानं मनाशी ठरवून टाकलं: परवानगी मिळाली तर खोली बांधायची आणि इथंच राहायचं. नाही मिळाली तर घराला कुलूप, आणि पुणे. एवढा मोठा निर्णय महापालिकेवर सोपवून ती निवांत झाली. निदान तिला तसं वाटलं.

जागेची पाहणी बावीस तारखेला झाली. कनिष्ठ अभियंता संयोगिता मॅडम कडक शिस्तीच्या होत्या. त्यांनी पूर्वेची भिंत मोजली, नकाशात पाहिलं, पुन्हा मोजली.

"नऊ मीटर भरतेय. नकाशात आठ ब्याऐंशी." मग दक्षिणेची. "ही बारा मीटर. नकाशात अकरा शहात्तर." त्यांनी चष्मा वर केला. "घर लहान दाखवून वर जास्त बांधकाम बसवायचा विचार होता का? ज्यांनी मापं दिली, त्यांनाच विचारायला पाहिजे."

"ते नाहीत आता," संघप्रिया म्हणाली.

मॅडमनी चष्मा पुन्हा खाली घेतला. "सात दिवसांत खुलासा द्या. नाही तर अर्ज नामंजूर." प्रसेनजीतकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि सही तुमची आहे, साहेब."

त्या गेल्यावर प्रसेनजीत भिंतीला टेकून उभा राहिला. चेहरा उतरला होता. "फाईल दुसऱ्या इंजिनिअरकडे द्या. चांगलं नाव सांगतो."

"आधी टेप काढा," ती म्हणाली.

भर दुपार होती. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. मधली पत्र्याची पट्टी उन्हानं तापलेली.

"घट्ट धरा. सैल पडली की माप चुकतं."

"मी घट्टच धरलंय. सैल तुमच्या बाजूनं पडतेय."

"उन्हानं."

"तुम्ही सावलीत आहात."

कुंपणापलीकडे झुंबरबाईंनी वाळत घातलेले पापड दुसऱ्यांदा उलटायला घेतले.

"त्या रविवारीच का नाही मोजलंत?" संघप्रियानं विचारलं. "आबा रागावतील म्हणून?"

"ते एक..."

"आणि?"

त्यानं आकडा लिहून घेतला. बराच वेळ लिहीत राहिला, एका आकड्याच्या मानानं. "दुसरं टोक तुम्हाला धरायला लागलं असतं. मग मला भिंत दिसली नसती."

ती हसली नाही, पण तिच्या हातातली पट्टी एकदम सैल पडली. ते माप पुन्हा घ्यावं लागलं.

संध्याकाळी आकड्यांचे दोन रकाने समोर ठेवून ती पायरीवर बसली. "विचित्र आहे. माणूस चुकतो तेव्हा कुठं जास्त, कुठं कमी चुकतो. इथं सगळीकडे शंभराला दोन कमी. भिंत, खिडकी, जिना... सगळीकडे."

बोलता बोलता ती थांबली. उठून आत गेली आणि आबांच्या पेटीतून त्यांची मीटरभर लांबीची पोलादी पट्टी घेऊन आली. टेप शेजारी ठेवला. पट्टीवरचा मीटर संपला तेव्हा टेपवर एकशे दोन सेंटिमीटर झाले होते.

"पट्टी चुकीची आहे?" प्रसेनजीतनं विचारलं.

"नाही. बरोबर आहे. फौंड्रीसाठी बरोबर." ती पट्टीवरून बोट फिरवत राहिली. "ओतलेलं पोलाद गार होताना आकसतं. शंभराला दोन. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब नको, म्हणून पट्टीवरच्या खुणाच लांब लांब पाडलेल्या असतात. चाळीस वर्षं हीच त्यांच्या हातात होती. घर मोजायलाही सवयीनं हीच उचलली."

आणि ती हसायला लागली. जानेवारीनंतर पहिल्यांदा. "अहो आबा, घर काय गार होऊन आकसतं का..." हसता हसता तिचे डोळे वाहू लागले, आणि मग ते थांबेनात.

प्रसेनजीत तिच्या शेजारी पायरीवर बसला. अंधार पडेपर्यंत उठला नाही.

एकोणतीस तारखेला संघप्रियानं ती पट्टी संयोगिता मॅडमच्या टेबलावर ठेवली. "माझ्या वडिलांनी काही लपवलेलं नाही. तुम्हीच मोजून बघा."

"आणि चूक त्यांची नाही, मॅडम," प्रसेनजीत म्हणाला. "जागेवर मोजणं माझं काम होतं. मी केलं नाही. तसं लिहून आणलंय."

मॅडमनी खुलासा वाचला. मग स्वतःचं टेबल पट्टीनं मोजलं, टेपनं मोजलं, पुन्हा पट्टीनं मोजलं. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून पाहायला आले.

"वीस वर्षं नोकरी झाली, असलं कारण पहिल्यांदा बघितलं," त्या म्हणाल्या. "सुधारित नकाशा द्या. मी अनुकूल लिहिते. पण निर्णय वरिष्ठांचा. जूनच्या मध्यापर्यंत कळेल. मिळेलच असं धरून चालू नका."

दोघं जिन्यावर आले. खालून रिक्षांचा आवाज येत होता. कुणीतरी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन घाईनं वर गेलं.

"जूनच्या मध्यापर्यंत," प्रसेनजीत म्हणाला. "आणि कॉलेजला परवापर्यंत सांगायचंय. मग... काय कळवणार?"

"कळवलं. सकाळीच, इथं यायच्या आधी."

त्याच्या हातातलं हेल्मेट फिरायचं थांबलं. "काय?"

"एक तारखेपासून येते म्हणून."

"आणि परवानगी नाही मिळाली तर?"

"खालीच राहीन. पुस्तकं पलंगाखाली ठेवीन. वर्षभरानं परत अर्ज करीन. राहायचं की नाही, हे मी महापालिकेला विचारत बसले होते. त्यांचा काय संबंध?"

तो पायरीकडे पाहत राहिला. "सुधारित नकाशा दिला की माझं काम संपलं. मग मला तुमच्याकडे यायला..." वाक्य पुढे सरकेना. "म्हणजे, शुक्रवारी वगैरे..."

संघप्रिया एक पायरी खाली उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. लोक दोन्ही बाजूंनी येत-जात होते. ते ऐकतील, याची तिला जराही फिकीर वाटली नाही.

"प्रसेनजीत, आबा मला किती हवे होते, ते मी त्यांना तोंडावर कधीच सांगितलं नाही. त्यांनीही नाही. कळत असेल, असं दोघांनाही वाटायचं. तुमच्या बाबतीत मी ते कळण्यावर सोडणार नाही. माझं तुमच्यावर प्रेम आहे."